स्टिल्टनची 'बेल इन' : एका सराईची आणि एका रस्त्याची गोष्ट

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरात स्टिल्टन नावाचं एक छोटंसं गाव आहे. 'स्टिल्टन' याच नावाचं, निळ्या शिरा असलेलं आणि वासाला अंमळ उग्र असं एक चीज जगभर प्रसिद्ध आहे. आता गंमत बघा. स्टिल्टन गावात कोणी ते चीज बनवलं, तर त्याला 'स्टिल्टन' म्हणून विकायला कायद्याने बंदी आहे! म्हणजे कोल्हापुरात शिवलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणायचं नाही, अशातलाच हा प्रकार.

या कोड्याचं उत्तर त्या गावातल्या एका जुन्या इमारतीत दडलेलं आहे. तिचं नाव 'बेल इन'. बेल म्हणजे घंटा. (हॉस्टेलवाल्यांनी हसू नये!) ही इमारत म्हणजे घोडागाड्यांच्या जमान्यातली हमरस्त्यावरची सराई. रस्त्याने तिला मोठं केलं आणि रस्त्यानेच तिला दोनदा बसवलं. ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. सिव्हिलवाल्यांना त्यात अभ्यासक्रम सापडेल, मेकॅनिकलवाल्यांना स्प्रिंगा सापडतील आणि बाकीच्यांना निदान खाण्याचा विषय तरी मिळेल.

पब म्हणजे नेमकं काय?

'पब' म्हटलं की आपल्याकडे लगेच रंगीत दिवे, कान फाटेल असं म्युझिक आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलेली बातमी डोळ्यांसमोर येते. इंग्लंडातला जुना पब म्हणजे हे नव्हे. तिथे पूर्वी तीन वेगवेगळे प्रकार होते. 'एलहाउस' म्हणजे बियर मिळण्याची साधी जागा, बऱ्याचदा कुणाच्या तरी घरातलीच एक खोली. 'टॅव्हर्न' म्हणजे वाइन मिळण्याची, जरा बऱ्या लोकांची जागा. आणि 'इन' म्हणजे जिथे माणसाला जेवण आणि बिछाना मिळतो आणि घोड्याला चंदी आणि तबेला मिळतो ती जागा. यातला घोडा महत्त्वाचा! आपल्या शब्दांत सांगायचं तर सराई अधिक खानावळ अधिक पागा.

आम्ही कॉन्व्हेंटवाली मुलं. शाळेत इंग्लिशच्या धड्यांत दर दोन पानांनी एक घोडागाडी यायची, ती एका इनपाशी थांबायची आणि मग कथेतला नायक आत जाऊन शेकोटीपाशी बसायचा. पण गाडी तिथेच का थांबली, घोड्यांचं पुढे काय झालं, इनवाल्याचा धंदा कसा चालायचा, हे कुठल्याच धड्यात नसायचं. ते कळायला मला ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगच्या तासाला बसावं लागलं.

टप्पा

या गाड्यांना इंग्रजीत 'स्टेजकोच' म्हणतात. इथे स्टेज म्हणजे नाटकाचं नव्हे, स्टेज म्हणजे टप्पा. आपल्या एस.टी.चं भाडं आजही टप्प्यावरच मोजतात, सहा किलोमीटरचा एक टप्पा. आणि आपला 'टपाल' हा शब्दही या टप्प्याच्याच घरातला मानतात. पत्र एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर, हातोहात. इंग्लंडमध्ये नेमकं हेच चालायचं, फक्त तिथे हातोहात बदलायचे ते घोडे.

चार घोडे भरलेली गाडी घेऊन जोरात पळू शकतात, पण फार लांब नाही. पंधरा-वीस किलोमीटर झाले की त्यांचा दम संपतो. मग त्यांना सोडायचं, ताजे चार जोडायचे आणि पुढे निघायचं. म्हणजे दर पंधरा-वीस किलोमीटरवर कोणीतरी ताजे घोडे तयार ठेवायला हवेत, त्यांना गवत, दाणा, नाल आणि मोतद्दार हवेत. हे काम इनवाल्याचं. गाडीवाल्यांचा एक ठोकताळा होता : रस्त्याच्या प्रत्येक मैलामागे एक घोडा पाळावा लागतो. म्हणजे शंभर मैलांच्या मार्गावर एकच गाडी पळवायची तरी शंभर घोडे! जलद गाडीला जुंपलेला घोडा तीन-चार वर्षांत त्या कामातून बाद व्हायचा, तो खर्च वेगळाच. आज आपण पेट्रोल पंप, गॅरेज, ढाबा आणि लॉज असे चार बोर्ड वेगवेगळे बघतो. इन म्हणजे हे चारही एका छपराखाली.

इमारतीची रचनाही याच हिशोबाने ठरलेली असे. आपल्या वाड्याची आठवण होईल अशी. रस्त्याला लागून लांबलचक दगडी दर्शनी भाग, मधोमध उंच कमान, कमानीतून गाडी घोड्यांसकट आत शिरणार, आत चौक आणि चौकाभोवती तबेले आणि खोल्या. 'बेल'ची सध्याची इमारत सतराव्या शतकातली आहे, १६४२ हे तिचं साल सांगतात. मधाळ रंगाच्या दगडाचं बांधकाम, मधली कमान आणि बाहेर लोखंडी नक्षीच्या दांड्यावर लटकणारी भली मोठी तांब्याची घंटेची पाटी. कमानीच्या आतल्या बाजूला, म्हणजे चौकातून दिसेल अशी, गावोगावची अंतरं लिहिलेली आहेत. आपल्या एस.टी. स्टँडवरचा फलकच म्हणा ना.

गाव छोटं, पण जागा मोक्याची

स्टिल्टन इतकं महत्त्वाचं का झालं? नकाशा काढून बघा. लंडनहून उत्तरेला यॉर्क आणि एडिंबराकडे जाणारा 'ग्रेट नॉर्थ रोड' म्हणजे त्या देशाचा कणा. लंडनमधून उत्तरेला निघणारे दोन मोठे रस्ते होते. एक रॉयस्टन, हंटिंग्डनवरून येणारा, बऱ्याच अंशी रोमन लोकांनी बांधलेल्या 'अर्मिन स्ट्रीट'वरून जाणारा. दुसरा त्याच्या पश्चिमेने, बिगल्सवेडवरून. हे दोन्ही रस्ते आल्कनबरी या गावाशी एकत्र येतात आणि त्यानंतर उत्तरेच्या वाटेवरचं घोडे बदलायचं ठिकाण म्हणजे स्टिल्टन. म्हणजे कुठल्याही रस्त्याने निघा, स्टिल्टनला यावंच लागणार. आपण ज्याला 'बॉटलनेक' म्हणतो, तो इनवाल्याच्या दृष्टीने सोन्याचा गळा असतो.

टोलनाक्याचा इतिहाससुद्धा इथूनच जातो, बरं का. १६६३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने रस्तादुरुस्तीसाठी टोल घेण्याचा पहिला कायदा केला, तो याच रस्त्यासाठी. त्यात तीन नाके ठरले होते : वेड्समिल, कॅक्स्टन आणि स्टिल्टन. वेड्समिलचा चालला. कॅक्स्टनचा लोक आडवाटेने चुकवायचे. आणि स्टिल्टनच्या नाक्याला आजूबाजूच्या लोकांनी इतका विरोध केला की तो तिथे उभाच राहिला नाही. टोलविरोधी आंदोलन हा काही आपलाच शोध नाही!

त्या काळी प्रवास कसा असे, याचा अंदाज १७०६ च्या एका जाहिरातीवरून येतो. लंडन ते यॉर्क गाडी, जायची वाट हंटिंग्डन आणि स्टॅमफर्डवरून, म्हणजे स्टिल्टनच्या दारातूनच. सुटण्याची वेळ पहाटे पाच. मुदत चार दिवस आणि पुढे चक्क छापलेलं आहे, 'देवाची इच्छा असेल तर'! सामान चौदा पौंड, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास फुकट, त्यावर पौंडामागे तीन पेन्स. एअरलाइनवाल्यांनी बॅगांचे पैसे घ्यायची आयडिया कुठून उचलली ते आता कळलं असेलच.

थॉर्नहिलसाहेबांची पैज

'बेल'चा सगळ्यात गाजलेला मालक म्हणजे कूपर थॉर्नहिल. अठराव्या शतकाच्या मध्यावर इन त्याच्याकडे होती. नुसता इनवाला नव्हे, धान्याचा मोठा व्यापारीही, आणि घोड्यावर बसण्यात पटाईत.

एप्रिल १७४५ मध्ये त्याने एक पैज घेतली. स्टिल्टनहून घोड्यावर लंडनला जायचं, लगेच परत स्टिल्टनला यायचं आणि पुन्हा लंडन गाठायचं. मुदत पंधरा तास. एकूण अंतर २१३ मैल, म्हणजे जवळजवळ ३४३ किलोमीटर. वाटेत घोडे बदलायची मुभा होती, माणूस मात्र तोच! पहिली फेरी त्याने ३ तास ५२ मिनिटांत मारली, दुसरी ४ तास १२ मिनिटांत आणि तिसरी ४ तास १३ मिनिटांत. बेरीज करा : १२ तास १७ मिनिटं. पैज आरामात जिंकली.

सरासरी वेग काढला तर ताशी २८ किलोमीटर भरतो. १७४५ सालच्या रस्त्यावर, बारा तास, घोड्याच्या पाठीवर! आपल्याला एस.टी.त मागच्या सीटवर चार तास बसलं तरी दोन दिवस पाठ धरते. पण मला यात त्याच्या पाठीपेक्षा त्याच्या मॅनेजमेंटचं कौतुक जास्त वाटतं. तीन फेऱ्यांसाठी वाटेत जागोजागी ताजे घोडे खोगीर चढवून नेमक्या वेळी उभे करणं, हे ज्याची रस्त्यावरच्या प्रत्येक इनवाल्याशी ओळख आहे त्यालाच जमणार. आजच्या भाषेत याला लॉजिस्टिक्स म्हणतात.

आणि चीज?

आता मूळ कोड्याकडे येऊ. स्टिल्टनमधल्या चीजचं नाव थॉर्नहिलच्या आधीपासून होतं. 'रॉबिन्सन क्रूसो'वाला डॅनियल डीफो या रस्त्याने गेला, त्याने १७२४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात हे गाव चीजसाठी प्रसिद्ध असल्याचं लिहिलं आहे. त्याने त्या चीजला इंग्लंडचं पार्मेझान म्हटलं आणि पुढे सांगितलं की ते टेबलावर येतं तेव्हा त्यावर किडे इतके असतात की ते खायला सोबत चमचा देतात! (मेसच्या भाजीला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) त्याच्या एक वर्ष आधी, १७२३ मध्ये, रिचर्ड ब्रॅडली नावाच्या शास्त्रज्ञाने स्टिल्टन चीजची कृतीसुद्धा छापली होती.

थॉर्नहिलने काय केलं, तर त्याचा व्यापार वाढवला. स्टिल्टनच्या वायव्येला लेस्टरशायर आहे, हिरवीगार कुरणं आणि दुधाचा सुकाळ. तिथल्या वायमंडहॅम गावची फ्रान्सिस पॉलेट नावाची बाई उत्तम चीज करायची. तिच्याशी आणि इतर चीजवाल्यांशी त्याचे व्यापारी संबंध जुळले. माल तिकडून यायचा, 'बेल'मध्ये प्रवाशांच्या पानात पडायचा आणि गाड्यांतून लंडनला जायचा.

प्रवाशाच्या बाजूने विचार करा. गाडी थांबली, चीज खाल्लं, आवडलं, एक अख्खं चक्र बांधून घेतलं, घरी नेलं. घरच्यांनी विचारलं, कुठलं हो हे? तो काय सांगणार? त्याने वायमंडहॅम पाहिलेलंच नाही. तो सांगणार, 'स्टिल्टनचं'. लोणावळ्याला थांबून चिक्की घेणाऱ्याला ती कुठे बनली हे विचारायची गरज वाटते का? वस्तूला नाव मिळालं ते जिथे गाडी थांबायची त्या जागेचं.

वेग वाढला

पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत या गाड्यांनी जो वेग गाठला, तो आपल्या दृष्टीने सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे. कारण इंजिन तेच, म्हणजे घोडा! सुधारलं ते बाकी सगळं.

पहिली सुधारणा व्यवस्थेची. बाथ शहरातल्या जॉन पामर याने सरकारला पटवलं की टपाल एकट्या घोडेस्वाराकडे देण्यापेक्षा खास गाडीने पाठवा. २ ऑगस्ट १७८४ ला त्याची पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून दुपारी चारला निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोचली. सोळा तास! आधी याच टपालाला अडतीस तास लागायचे. टपालगाडीला टोल माफ. मागे बसलेला गार्ड सरकारचा माणूस, जवळ पिस्तुलं, एक रुंद तोंडाची बंदूक आणि एक लांब पोंगा. नाक्याजवळ आलं की पोंगा वाजायचा आणि नाकेवाल्याने फाटक आधीच उघडून ठेवायचं. इन जवळ आली की पुन्हा पोंगा. तो ऐकून मोतद्दार घोडे घेऊन चौकातून बाहेर यायचे. चार घोडे सोडून चार जोडायला दोन मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. फॉर्म्युला वनमधला पिट स्टॉप तुम्ही पाहिला असेल, तो हाच.

गार्डकडे कुलूपबंद पेटीत एक घड्याळही असायचं. तेव्हा प्रत्येक गावाची वेळ सूर्याप्रमाणे वेगळी असे. पश्चिमेला जाणाऱ्या गाडीला स्थानिक वेळ गाठायला घड्याळ हळू लागणार, पूर्वेला जाणाऱ्या गाडीला जलद. म्हणून ती घड्याळं मुद्दामच दिवसाला ठरावीक मिनिटं मागे किंवा पुढे पडतील अशी लावलेली असत. मला हे वाचून फारच भारी वाटलं.

दुसरी सुधारणा रस्त्याची. टेलफर्ड आणि मॅकॅडम ही दोन नावं सिव्हिलवाल्यांना तोंडपाठ आहेत. मॅकॅडमचं म्हणणं साधं होतं. खालची माती कोरडी ठेवा, पाणी बाजूला काढा, रस्त्याला मध्ये किंचित उंची द्या आणि वर लहान, साधारण सारख्या आकाराची कोनदार खडी पसरा. सहा औंसांपेक्षा, म्हणजे १७० ग्रॅमपेक्षा जड खडा नको. चाकांच्या दाबाने ती खडी एकमेकांत घट्ट बसते. आपल्या सिलॅबसमधलं वॉटर बाउंड मॅकॅडम, म्हणजे आपल्या परीक्षेतला तो हमखास सात मार्कांचा प्रश्न, याच माणसाच्या नावाने आहे.

तिसरी सुधारणा गाडीची. १८०४ मध्ये ओबादिया एलियटने लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं. वाईट रस्त्यावर चांगल्या स्प्रिंगचा उपयोग नाही आणि स्प्रिंगशिवाय चांगल्या रस्त्यावरही वेग घेता येत नाही. दोन्ही एकाच सुमाराला सुधारलं, म्हणून गाड्या पळाल्या.

परिणाम? १७५० च्या दशकात लंडन ते एडिंबरा गाडीला उन्हाळ्यात दहा दिवस लागायचे आणि हिवाळ्यात बारा. १८३० च्या दशकात टपालगाडी तेच अंतर, सुमारे चारशे मैल, पंचेचाळीस तासांच्या आसपास कापायची.

इनवाल्यांच्या दृष्टीने हे सोन्याचे दिवस होते. रात्रंदिवस पोंगे वाजत होते. 'बेल'च्या समोर 'एंजल' नावाची दुसरी मोठी इन होती, तिच्याशी स्पर्धा. जेवायला प्रवाशांना जेमतेम वीसेक मिनिटं. सूप इतकं उकळतं यायचं की तोंडाला लावेपर्यंत पोंगा वाजायचा, अशी तक्रार त्या काळच्या अनेक प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. सूप मुद्दाम उकळतं द्यायचे, म्हणजे उरलेलं पुन्हा विकता येतं, असाही संशय असे.

त्याच काळात गावापासून हाकेच्या अंतरावर, नॉर्मन क्रॉस इथे, १७९७ मध्ये युद्धकैद्यांसाठी मोठी छावणी उघडली. खास युद्धकैद्यांसाठी बांधलेली ही जगातली पहिली छावणी मानतात. फ्रान्सशी चाललेल्या युद्धातले हजारो सैनिक तिथे होते. ते मटणाच्या हाडांतून आणि गवताच्या काड्यांतून सुंदर खेळणी, पेट्या, जहाजं बनवून विकायचे. पीटरबरोच्या म्युझियममध्ये त्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. पण सतराशेहून जास्त कैदी तिथेच मेले, बहुतेक रोगराईने. १८१४ मध्ये छावणी बंद झाली.

पहिला धक्का : रेल्वे

मग आली रेल्वे. लंडनहून पीटरबरोला जाणारी 'ग्रेट नॉर्दर्न रेल्वे' ऑगस्ट १८५० मध्ये सुरू झाली. रेल्वे स्टिल्टनमधून गेली नाही. गावाच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर, दलदलीच्या सपाट भागातून ती गेली.

त्या दलदलीतून लोहमार्ग नेणं हा इंजिनिअरिंगचा एक सुंदर नमुना होता. जमीन इतकी मऊ की भराव टाकला की गिळला जायचा. कंत्राटदार थॉमस ब्रॅसीच्या माणसांनी झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून त्यांचे तराफे केले, ते दलदलीवर अंथरले, हळूहळू वजन वाढवत पाणी बाहेर दाबून काढलं आणि त्यावर रूळ टाकले. सॉइल मेकॅनिक्समध्ये आपण 'कन्सॉलिडेशन' म्हणून जे पाठ करतो, ते त्या लोकांनी टेर्झागीचं पुस्तक यायच्या किती आधी करून दाखवलं होतं!

इंजिनिअरांनी टाळ्या मिळवल्या आणि स्टिल्टनचे पोंगे बंद झाले. पूर्ण दिवस लागायचा तो प्रवास काही तासांवर आला. कोण कशाला घोडागाडीत बसेल? मोतद्दार, नालबंद, खोगीरवाले, गवतवाले, धोबिणी, सगळ्यांचं काम गेलं. शंभराहून जास्त वर्षं देशाच्या कण्यावर असलेलं गाव एकदम आडबाजूला पडलं. 'बेल' चालू राहिली, पण गावातली एक साधी दारूची जागा म्हणून. तबेले रिकामे.

दुसरा धक्का : बायपास

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि रस्ता पुन्हा जागा झाला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडने रस्त्यांना नंबर दिले, त्यात ग्रेट नॉर्थ रोड झाला 'ए-वन'. म्हणजे पहिलाच नंबर! 'बेल'समोर आता घोड्यांऐवजी गाड्या आणि ट्रक. गिऱ्हाईक परतलं.

पण घोडागाडीसाठी बरा असलेला गावातला रस्ता ट्रकना पुरेना. धूर, आवाज, अपघात, दिवसरात्र हादरणाऱ्या भिंती. तेव्हा १९५० च्या दशकाच्या शेवटी स्टिल्टनला बायपास झाला. गावाची हवा स्वच्छ झाली, पोरं रस्त्यावर खेळू शकली, आणि इनवाल्यांचा गल्ला रिकामा झाला. शंभर वर्षांत दुसऱ्यांदा.

पण गाववाले गप्प बसले नाहीत. लोकांनी गावात वळावं म्हणून त्यांनी चीजच्या आकाराचे लाकडी ठोकळे मुख्य रस्त्यावरून गडगडवण्याची शर्यत सुरू केली. दर मे महिन्यात, फॅन्सी ड्रेस घालून, 'बेल'च्या समोर! अनेक वर्षं ती चांगली रंगली. पुढे प्रतिसाद आटला आणि २०१८ ची शर्यत रद्द झाली. 'बेल'ची इमारत मधल्या काळात पडझडीला आली होती. विसाव्या शतकाच्या शेवटी ती दुरुस्त होऊन पुन्हा हॉटेल म्हणून उभी राहिली. संरक्षित इमारतींच्या यादीत तिला मानाची श्रेणी आहे.

नाव कुणाचं?

आणि चीज? गाड्या गेल्या तरी चीज बनवणारे लेस्टरशायर आणि शेजारच्या भागात होतेच. त्यांनी १९३६ मध्ये आपली संघटना केली, १९६६ मध्ये नावाला ट्रेडमार्कचं संरक्षण मिळवलं आणि १९९६ मध्ये युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. आपल्याकडे ज्याला जी.आय. टॅग म्हणतात, तशातलं. नियम असा : 'स्टिल्टन' हे फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच, पाश्चराइज केलेल्या दुधापासून बनवायचं. स्टिल्टन गाव येतं केंब्रिजशायरात. झालं, गाव स्वतःच्या नावाच्या बाहेर!

गावातल्या लोकांनी जुने कागद शोधले, ब्रॅडलीची १७२३ ची कृती पुढे केली आणि म्हणाले, आमच्या गावातही चीज बनायचं, आम्हालाही हक्क द्या. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने तो अर्ज नाकारला. दुसरीकडे, नॉटिंगहॅमशायरातल्या एका चीजवाल्याने २००६ पासून कच्च्या दुधाचं, जुन्या पद्धतीचं चीज सुरू केलं. तो तीन परगण्यांत बसतो, पण दूध पाश्चराइज नाही म्हणून त्यालाही 'स्टिल्टन' म्हणता येईना. त्याने नाव ठेवलं 'स्टिचेल्टन'. हे स्टिल्टन गावाच्या नावाचंच जुनं रूप आहे.

यात बरोबर कोण? मला विचाराल तर दोन्ही बाजूंना अर्थ आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दूध तापवलं, चक्रं उलटीपालटी केली, त्यांचं नाव चोरलं जाऊ नये हे खरंच. पण ते नाव रस्त्यावरच्या ज्या गावाने, ज्या इनने देशभर पोचवलं, त्या गावाला त्यात काहीच वाटा नाही, हेही मनाला खटकतं. कायद्याला 'कुठे बनलं' हे मोजता येतं. 'कुठे ओळख मिळाली' हे मोजायची पट्टी त्याच्याकडे नाही.

अशीच एक पट्टी आपल्याकडेही नाही आणि खरं तर तेच सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. गेल्या सेमिस्टरला टर्मवर्कमध्ये आमच्या ग्रुपला एका गावाच्या बायपासची आखणी करायची होती. दोन पर्याय काढले, लांबी, कटिंग-फिलिंग, वाचणारी मिनिटं, वाचणारं डिझेल, सगळं तक्त्यात भरलं. तक्त्यात जमीन जाणाऱ्यांसाठी भरपाईचा रकाना होता. पण ज्यांची जमीन जात नाही, फक्त रस्ता जातो, अशांसाठी रकाना नव्हता. पंक्चरवाला, चहावाली, आठ कॉटचा लॉज, फळांच्या हातगाड्या. त्यांची एक वीटही कोणी हलवत नाही, त्यामुळे कागदावर त्यांचं नुकसान शून्य.

बायपास नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. स्टिल्टनच्या भिंती ट्रकने हादरत होत्या, तिथल्या आयांना बायपास हवाच असणार. रेल्वे नको असंही कोणी म्हणू नये. पण उद्या आपल्यापैकी कोणीतरी पी.डब्ल्यू.डी.त असेल, कोणी कन्सल्टंट असेल, आणि समोरच्या स्क्रीनवर एक लाल रेघ गावाच्या बाहेरून काढेल. त्या वेळी तक्त्यात एक रकाना हाताने वाढवावा. जुन्या रस्त्यावर आज कोण पोट भरतं, किती जण आहेत, नव्या रस्त्यावरून गावात वळायला नीट जागा ठेवली आहे का, पाटी लावली आहे का, नव्या जंक्शनपाशी त्यांना गाळे देता येतील का. एवढं विचारायला एक दिवसाचा सर्व्हे पुरतो. मार्कं मिळणार नाहीत कदाचित. पण चहावालीला चहाची गिऱ्हाइकं मिळतील.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी